यादी नेमकी कोणासाठी लिहावी? : वाणसामान, घरकाम आणि कचेरीतील कामांच्या याद्यांविषयी

अजिंक्यतारा_पायथा (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानिमित्ताने मी पुण्याहून साताऱ्याला येऊन पाच आठवडे घर सांभाळले. स्वयंपाक मला बऱ्यापैकी येतो आणि हिशेब हा तर माझा पोटापाण्याचाच व्यवसाय आहे, त्यामुळे तीन माणसांचे घर चालवणे आपल्याला जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच शनिवारी दुकानाच्या पायरीवर संपली. दुकानाचे मालक हल्ली फक्त दुपारी बसतात. सकाळी गल्ल्यावर त्यांचा मुलगा असतो. त्याने यादीसाठी हात पुढे केला आणि मी त्याच्या हातावर चार ओळींचे चिटोरे ठेवले: तांदूळ, डाळ, तेल, साबण. कोणता तांदूळ, कोणती डाळ आणि किती, साबण अंगाचा की कपड्यांचा, असे त्याने क्रमाने आणि अतिशय सभ्यपणे विचारले. एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

घरी आल्यावर वडिलांनी त्यांच्या जुन्या रोजनिशा काढून दाखवल्या. १९७४ च्या रोजनिशीत वाणसामानाच्या सहा याद्या घडी घालून ठेवलेल्या आहेत. वर मधोमध 'श्री', उजवीकडे तिथी आणि तारीख, पहिल्या ओळीत हळद आणि त्याखाली एकेका ओळीत एकेक जिन्नस. जिनसापुढे वजन, आणि वजनापुढे दुकानदाराने वेगळ्या शाईने मांडलेली किंमत. ज्या जिनसाची पुडी बांधून झाली त्याच्या आधी एक तिरपी रेघ मारलेली दिसते आणि जो जिन्नस दुकानात नव्हता त्याभोवती गोल केलेला दिसतो. गोल केलेले हे जिन्नस पुढच्या यादीत हळदीच्या लगेच खाली उतरवलेले आहेत. मार्चच्या यादीतील 'शहाजिरे अर्धी छटाक' एप्रिलच्या आणि मेच्याही यादीत आहे. त्या वर्षी आमच्याकडे मसालेभात कसा झाला असेल कोण जाणे. शेंगदाण्याच्या तेलाचा एक डाग सहाच्या सहा कागदांतून आरपार गेलेला आहे.

वडिलांनी निवृत्तीनंतर याद्या लिहिणे सोडले आणि ते काम आईकडे गेले. आईने मात्र कधीच यादी लिहिली नाही, कारण तिला त्याची गरज पडली नाही. मी वही घेऊन तिच्या खाटेपाशी बसलो, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि स्वयंपाकघरातून चालत गेल्यासारखे एकेका कप्प्यातील डबे सांगायला सुरुवात केली. फडताळाच्या वरच्या कप्प्यापासून ओट्याखालच्या पिंपापर्यंत त्रेचाळीस जिनसा तिने सांगितल्या. कोणत्या डब्यात किती उरले असेल तेही सांगितले, आणि मध्येच 'बडीशेप नको, परवाच आणली आहे, ती चहाच्या डब्यामागे आहे' असे म्हणाली. मी पाहिले, तर ती खरोखरच चहाच्या डब्यामागे होती.

त्या त्रेचाळीस ओळी लिहीत असताना मला कौतुकापेक्षा भीती अधिक वाटली. तिच्या मनात होते ते केवळ सामान नव्हते. दूधवाल्याला कोणत्या दिवशी अर्धा लिटर जास्त सांगायचे, गॅसची टाकी लावल्याची तारीख कोठे लिहिलेली असते, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी संपण्याआधी किती दिवस औषधवाल्याला कळवायचे, हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात होते आणि ते माणूस रुग्णालयात होते. आम्ही दोघे पुरुष वर्षानुवर्षे 'काही आणायचे आहे का?' एवढे विचारून घरकामात मदत केल्याचे समाधान मिळवत आलो. आणण्याचे काम तसे सोपे असते. काय आणायचे ते ठरवणे हे खरे काम असते आणि ते आम्ही कधी पाहिलेलेच नव्हते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की यादी स्वतःच्या आठवणीसाठी लिहायची नसतेच. ती आपल्या जागी उद्या जो उभा राहील त्याच्यासाठी लिहायची असते. तुमच्या घरी, शेतावर किंवा कचेरीत याद्या कोण करते, त्या दुसऱ्याला वाचता येतात का, आणि लिहिण्याची काही पद्धत तुम्ही बसवली आहे का, हे कृपया सविस्तर लिहावे.

पायलीभर_गप्पा

आपला अनुभव वाचून माझ्या सोलापूरच्या आजीची आठवण झाली. देशात मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण आजीच्या यादीत ती तिच्या अखेरपर्यंत आली नाहीत. ती 'ज्वारी दोन पायल्या, तूर एक अधोली, हरभऱ्याची डाळ मापटेभर' असेच सांगत असे आणि मी तसेच लिहून घेत असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, हे कोष्टक मी शाळेत नव्हे तर तिच्या याद्या लिहिताना शिकले. माप भरून घ्यायचे आणि वजन तोलून घ्यायचे, त्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तूर यांचे किलो सारखे होत नाहीत. दुकानदाराला प्रत्येक धान्याचा वेगळा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे.

आपण म्हणता तसे ती यादी दुसऱ्याला वाचता येत नव्हती, हे खरे. परंतु ती ज्याने वाचायची त्या एका माणसाला ती पूर्ण कळत असे. आपल्या वडिलांच्या यादीत 'छटाक' आहे, याचाही अर्थ तोच असावा. दशमान वजने येऊन सव्वा तप उलटले तरी हाताला जुनेच वळण होते.

मंडईतला_फेरफटका

मी थोडा विरोधी सूर लावतो. कोरड्या सामानाची यादी मला मान्य आहे, पण भाजीची यादी करणाऱ्या माणसांना मंडईत जाऊ देऊ नये, असे माझे तीस वर्षांच्या अनुभवाने झालेले मत आहे. यादीत 'गवार अर्धा किलो' लिहिलेले असले की गवार निबर असली तरी ती पिशवीत पडते आणि शेजारच्या वाट्यावर कोवळे दोडके दव अंगावर घेऊन बसलेले असले तरी ते दिसत नाहीत, कारण डोळे कागदावर असतात. मंडईत आधी एक पूर्ण फेरी रिकाम्या पिशवीने मारावी आणि मग काय घ्यायचे ते ठरवावे, हे मला माझ्या काकांनी शिकवले. घरातून निघताना मी इतकेच ठरवतो की दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या आणि एक कंद. नावे बाजार ठरवतो.

माझ्या चिरंजीवांना एकदा लेखी यादी देऊन पाठवले होते. यादीत 'कोथिंबीर १' असे लिहिले होते. त्यांनी एक काडी आणली नाही, हे आमचे नशीब. पण जी जुडी आणली ती त्या दिवशी चाळीस रुपयांची होती, आणि यादीत लिहिले आहे म्हणून आणली, असे त्यांचे म्हणणे होते.

अजिंक्यतारा_पायथा

आपला मुद्दा रास्त आहे, पण 'दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, एक कंद' हीसुद्धा यादीच झाली की! उलट ती माझ्या चार ओळींच्या चिटोऱ्यापेक्षा चांगली आहे, कारण निर्णयाची जागा कोठे मोकळी ठेवायची ते तिच्यात आधीच ठरलेले आहे. चिरंजीवांच्या यादीत 'महाग असल्यास आणू नये' एवढे चार शब्द वाढवले असते तर तीस रुपये तरी वाचले असते.

भूल_उतारा

मी नागपूर येथे भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. आपण यादीच्या वाचकाचा मुद्दा काढला आहे, तो आमच्या क्षेत्रात अक्षरशः जिवाशी निगडित असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक पानभर यादी प्रसिद्ध केली. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते अतुल गवांदे अमेरिकेतील शल्यचिकित्सक असले, तरी त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील आहे, म्हणून आम्हा विदर्भवासीयांना त्याचे थोडे अधिक कौतुक. यादीत अवघ्या १९ बाबी आहेत आणि त्या तीन ठिकाणी थांबून तपासायच्या असतात: भूल देण्यापूर्वी, त्वचेला छेद देण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी. रुग्ण तोच आहे ना, बाजू डावी की उजवी, कशाची ॲलर्जी आहे का, आणि शेवटी कापसाचे बोळे, सुया व उपकरणे मोजून पुरी भरली का, अशा या बाबी वाचताना बाळबोध वाटतात. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण गोष्ट येथे संपत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती यादी लागू केली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूंच्या किंवा गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. यावर आमच्यात पुष्कळ वाद झाले. माझ्यापुरते उत्तर मला रोज समोर दिसते. यादी मोठ्याने वाचली जाते आणि प्रत्येक जण हातातले काम थांबवून उत्तर देतो, त्या दिवशी ती यादी असते. सगळे उरकल्यावर एखादी परिचारिका कोपऱ्यात बसून १९ चौकोनांत १९ खुणा करते, त्या दिवशी तो केवळ कागद असतो. त्या यादीत एक बाब अशी आहे की छेद देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. वरिष्ठांना हे सुरुवातीला हास्यास्पद वाटले. पण ज्याने एकदा स्वतःचे नाव उच्चारले आहे, तोच पुढे 'थांबा, एक बोळा कमी भरतो आहे' असे म्हणायला धजतो.

आपल्या धाग्याच्या शीर्षकाला माझे उत्तर असे की यादी ऐकणाऱ्यासाठीही असते. घरी आम्ही सामानाची यादी जेवताना मोठ्याने वाचतो. 'पोहे आहेत, मी काल पाहिले' असे सांगणारा कोणीतरी हमखास निघतो.

दोन_डबे

भोसरीच्या एका कारखान्यात मी साठ्याचा हिशेब पाहतो. आमच्याकडे खिळे, नट, वायसर अशा बारीक वस्तूंची यादी कोणीच लिहीत नाही आणि तरीही त्या संपत नाहीत. प्रत्येक वस्तूचे दोन डबे असतात. पुढचा रिकामा झाला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकाम्या डब्यातील पत्ता, म्हणजे जाड कागदाचे कार्ड, खरेदी विभागाकडे पाठवायचा. तो पत्ता हीच मागणी. पत्त्यावर वस्तूचे नाव, प्रकार, नग आणि कोठून आणायचे ते छापलेले असते, त्यामुळे नव्याने लागलेल्या मुलाचीही चूक होत नाही. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवताना अमेरिकेतील सुपरमार्केटच्या फळ्यांवरून कल्पना घेतली होती. गिऱ्हाईक जितके उचलते तितकेच मागून भरले जाते, एवढेच त्यांनी पाहिले. म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून कारखान्यात गेलेली विद्या आहे, ती पुन्हा स्वयंपाकघरात आणायला हरकत नसावी.

आमच्या घरी नियम असा आहे की शेवटचे पाकीट जो फोडतो त्याने यादीत लिहायचे. संपल्यावर नव्हे, फोडताना. पत्नीला आठवण ठेवावी लागत नाही आणि मलाही विचारावे लागत नाही. मुलांनी हा नियम फक्त बिस्किटांच्या बाबतीत काटेकोर पाळला आहे.

मोडीवाचक

धाग्याशी संबंधित एक लहानशी नोंद. 'यादी' हा शब्द फारसी 'याद', म्हणजे आठवण, यावरून आला आहे आणि जुन्या दफ्तरांत टिपणाला 'याद' किंवा 'यादी' असेच म्हटलेले आढळते. नोंदींच्या कागदाला फारसीत 'फर्द' म्हणत. ती लिहिणारा तो फर्दनवीस, आणि त्याचेच बोलीत फडणीस झाले. म्हणजे यादी लिहिणे हे एके काळी राज्यकारभारातील मानाचे पद होते. धागाकर्त्यांच्या मातोश्रींना ते कोणी दिले नाही, इतकेच.

म्हापशेकार

गोव्यातील एक यादी सांगतो, जी माझ्या माहितीप्रमाणे कोणाच्याही घरी पूर्ण लिहिलेली नाही. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळे, पाने, फुले बांधतात. तिला माटोळी म्हणतात. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरिंगे, आंबाडे, निरफणस ही मंडळी सर्वांच्या ओळखीची. पण कांगलां, कवंडळां, माट्टी यांसारखी रानफळे ओळखणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापशाच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाया त्यांचे जुडगे बांधूनच विकतात, आणि आमच्यासारखे नोकरदार ते जुडगे उचलून घरी येतात.

वडील होते तोवर त्यांच्या नजरेला एखादे फळ कमी असल्याचे क्षणात कळत असे. त्यांच्यानंतर पहिल्या चवथीला मी कागद घेऊन बसलो आणि नऊ नावांवर अडकलो. मग बाजारात जाऊन एका वयस्कर बाईंच्या वाट्यासमोर उकिडवा बसलो, एकेक फळ हातात घेऊन नाव विचारले आणि लिहून घेतले. त्यांनी एकवीस नावे सांगितली. तिसऱ्या वर्षी मी तोच कागद घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तो मागून घेतला. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवला. त्यांनी दोन नावे दुरुस्त केली आणि एक नवे सांगितले. आता तो कागद मी पत्र्याच्या पेटीत चौकटीसोबतच ठेवतो, कारण वेगळा ठेवला तर पुढच्या वर्षी तो शोधण्यासाठी आणखी एक यादी करावी लागेल.

काळा_कोट

खरेदीच्या याद्यांची चर्चा चालली आहे, तर आपल्याकडील सर्वांत गंभीर यादीचा उल्लेख राहू नये. लग्न ठरले की 'याद्या' होतात. दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, कोणता खर्च कोणी करायचा, मानपान कोणाचा, कपडे कोणी घ्यायचे, जेवणावळ कोणाकडे, हे सारे कागदावर उतरते, ते बैठकीत मोठ्याने वाचले जाते, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागते आणि दोन प्रती होऊन दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. कधी कधी त्याच बैठकीत अक्षता टाकून मोकळे होतात, त्याला 'यादी पे शादी' म्हणतात. माझ्या मते हा सर्वांत शहाणा आणि काटकसरीचा विवाह होय.

याच याद्यांच्या आडोशाने हुंडाही लिहिला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे आणि त्याखाली १९८५ मध्ये जे नियम झाले, ते गंमत म्हणजे याद्यांचेच नियम आहेत. विवाहाच्या वेळी मिळालेल्या भेटींची यादी वधूने स्वतंत्र आणि वराने स्वतंत्र ठेवावी; प्रत्येक भेटीचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे; आणि यादीवर दोघांनीही सह्या कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. माझ्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत कौटुंबिक वाद घेऊन आलेल्या शेकडो जोडप्यांना मी ही यादी मागितली असेल. ती केलेली जोडपी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. आहेराची वही मात्र प्रत्येकाकडे असते, कारण तिच्यात परतफेड करायची असते.

इझारकाठची_वारी

मी म्युनिकला राहते. येथे रविवारी दुकाने बंद असतात आणि इतर दिवशीही रात्री आठनंतर सामान मिळत नाही, त्यामुळे शनिवारची यादी चुकली की सोमवारपर्यंत दुधाविना राहावे लागते. भारतात घराखाली दुकान होते. विसरलेली वस्तू ही तेथे चूकच नव्हती, मुलाला 'जा रे, पटकन दही घेऊन ये' म्हटले की झाले. यादी करण्याची शिस्त मला येथील दारे बंद करून शिकवली गेली.

आमची अडचण वेगळीच आहे. आमचे यजमान जर्मन आहेत आणि माझी यादी मराठीत असते. त्यांनी देवनागरी शिकून घेतली, परंतु 'बेसन' वाचता येणे आणि चण्याच्या पिठांपैकी कोणते बेसन म्हणून चालेल ते कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता भारतीय सामानाच्या यादीबरोबर मी रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा देते. वर दोन डबेवाल्यांनी जो छापील पत्ता सांगितला, तो आमच्याकडे असा आपोआप तयार झाला.

टेबल_क्रमांक_सात

धाग्यात कामांच्या यादीविषयीही विचारले होते, म्हणून लिहितो. मी एका निमशासकीय कचेरीत आहे. सामानाची यादी दुकानात संपते. कामांची यादी संपत नाही, ती फक्त दुसऱ्या दिवसाच्या पानावर जाते. माझ्या वहीत 'घरपट्टी' हा शब्द एकदा सलग १९ दिवस उतरवलेला सापडला. तो एवढे दिवस तेथे का राहिला, याचा विचार केला तेव्हा लक्षात आले की 'घरपट्टी' हे काम नव्हतेच, तो विषय होता. करायचे काम असे होते की कपाटातील निळ्या धारिकेतून मागील वर्षाची पावती काढायची. ती काढण्यास चार मिनिटे लागली आणि तिच्यावरील क्रमांक हाती आल्यावर पुढचे सारे एका दुपारी झाले. तेव्हापासून मी वहीत क्रियापदाशिवाय ओळ लिहीत नाही: 'काढणे', 'विचारणे', 'नेऊन देणे'. पहिली हालचाल हाताने करायची की पायाने, हे ज्या ओळीतून कळत नाही, ती ओळ खोडावी.

दुसरे म्हणजे वेळ. यादी सकाळी करण्याऐवजी मी रात्री करतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांत करायची कामे लिहिणाऱ्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जितके नेमके लिहिले तितकी ती लवकर लागली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण माझ्या घरातील अनुभव त्याच्याशी जुळतो.

एक तक्रारही नोंदवतो. कचेरीत आम्हाला दर सोमवारी 'प्रलंबित कामांची यादी' वरिष्ठांना द्यावी लागते. ती तयार करण्यात सोमवारची सकाळ जाते आणि त्यामुळे जे प्रलंबित राहते ते पुढच्या सोमवारच्या यादीत येते.

भूल_उतारा

आपला शेवटचा परिच्छेद मी आमच्या रुग्णालयातील सहकाऱ्यांना वाचून दाखवला. दोघांनी टाळ्या वाजवल्या, प्रशासनातील एका गृहस्थांनी वाजवल्या नाहीत.

मंडईतला_फेरफटका

सर्व प्रतिसाद वाचल्यावर माझी भूमिका किंचित मवाळ झाली आहे, हे कबूल करतो. म्हापशेकारांनी फळवालीसमोर बसून यादी केली, हा प्रकार मला पटला, कारण ती यादी घरी नव्हे तर बाजारात तयार झाली. तरी गवारीविषयीचे माझे मत कायम आहे.

पायलीभर_गप्पा

धागाकर्त्यांना विनंती अशी की मातोश्रींनी सांगितलेली त्रेचाळीस जिनसांची यादी येथे द्यावी. पूर्ण नको असल्यास निदान मांडणी तरी कशी केली ते सांगावे, म्हणजे आमच्यासारख्यांना उपयोग होईल.

अजिंक्यतारा_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. आई आता काठी घेऊन घरात फिरू लागली आहे.

मांडणी तीन वेळा बदलली. पहिल्यांदा आईच्या क्रमाने, म्हणजे कप्प्यांप्रमाणे लिहिली. ती घरात तपासायला उत्तम होती, पण दुकानात मुलाला एकाच पोत्यापाशी चार वेळा जावे लागले. दुसऱ्यांदा दुकानाच्या क्रमाने लिहिली, तेव्हा उलटी अडचण झाली. शेवटी कप्प्यांच्या क्रमाने कायमची यादी करून ती फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आणि दर महिन्याला तिच्यावरून दुकानाच्या क्रमाने वेगळा कागद उतरवायचा, असे ठरले. प्रत्येक जिनसापुढे महिन्याचे प्रमाण आणि ओळख लिहिली आहे: तूरडाळ २ किलो, तेलाचा हात न लावलेली, मोहरी बारीक, १०० ग्रॅम, पोहे जाड १ किलो आणि पातळ अर्धा किलो, पातळ फक्त चिवडा करायचा असल्यास, गूळ पिवळा, कोल्हापुरी, खडा फोडून, खोबरे अर्धा किलो, वाटी वाजवून पाहून, साखर ३ किलो, सणाच्या महिन्यात ५, हिंग खड्याचा, ५० ग्रॅमची डबी, तीन महिन्यांतून एकदा. गोळ्यांची पट्टी, गॅसची तारीख आणि दूधवाल्याचे वार यांच्यासाठी खाली स्वतंत्र चौकट आहे. काल जेवताना भूल_उतारा यांच्या सल्ल्याप्रमाणे सारे मोठ्याने वाचले.

काळा_कोट

यादी उत्तम आहे; पण वडिलांच्या गोळ्या ज्या चौकटीत आहेत तिच्यावर वडिलांनी स्वतः खूण करावी, असे सुचवतो. ज्याच्या सहीची जागा असते तो माणूस कागद वाचतो.

दोन_डबे

साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्याच्या सवयीने मोजून पाहिले. आपण येथे नमुन्यादाखलच जिनसा दिल्या आहेत हे समजले, तरी एक शंका राहते. पूर्ण यादीत मीठ आहे ना?

अजिंक्यतारा_पायथा

आत्ता फडताळाचे दार उघडून पाहिले. मीठ नाही. वडिलांच्या १९७४ च्या सहाही याद्यांत नाही, आणि आईने सांगितलेल्या त्रेचाळीस जिनसांतही नाही.

आईला विचारले, तेव्हा तिने उत्तर दिले की मीठ कधी लिहावे लागलेच नाही. यादी सांगून झाली की दुकानाचे मालक चष्मा कपाळावर सरकवून 'वहिनी, मीठ आहे ना घरात?' असे विचारीत असत, आणि ती हो किंवा नाही एवढे सांगत असे. मुलगा विचारत नाही. मी पाच आठवडे सकाळीच जात होतो.

चव्वेचाळिसावी ओळ लिहिली आहे. उद्या मात्र दुपारी दुकानात जाईन.